झाकलेली खिरापत

फोनवर नाव शशीचं दिसलं, म्हणून उचलल्या उचलल्या विचारलं, "काय वं, जेवली का?" पलीकडे तिची लेक मुक्ता रडत होती. यवतमाळच्या दवाखान्यातून शशी आज-उद्या घरी येईल म्हणून मी तिची गादी उन्हात टाकली होती... ती अंधार पडेस्तोवर तशीच राहिली. शशी माझी धाकटी जाऊ. आम्हा दोघींचेही नवरे गेलेले, मुलं नोकरीपायी दूर. कळंबच्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचंही दिवसातून एकदा तरी पटत नसे, पण त्यावाचून करमतही नसे.

भांडण बहुतेक घरातल्या दोघींच्या एकाच कॉम्प्युटरवरून. शशी यवतमाळला एका कार्यालयात नोकरीला होती. तिथं एकदा ती डबा खायला उठली आणि तिच्या खुर्चीत बसून कोणीतरी तिच्या नावानं साहेबांना भलतीच मेल पाठवली. ब्राउझरनं पासवर्ड लक्षात ठेवलेला, त्या माणसाला काही करावंच लागलं नाही. तेव्हापासून 'पासवर्ड जतन करू का' असं विचारलं की शशीचं उत्तर एकच, नाही. मी मात्र सगळ्याला हो म्हणणारी. वीजबिल, गॅस, मेल, सगळं आपोआप उघडे. "बाई, घराची किल्ली दारालेच टांगून जाता का तुमी?" ती म्हणे. "अन् तू किल्ली गिळून बसते. उद्या विसरली तं?" मी म्हणे. एकदा तापातून उठल्यावर खरंच विसरली. दिवसभर आठवून आठवून बघितलं, पण माझ्यापुढे हार कबूल केली नाही.

पासवर्ड टाकताना ती हुकूम सोडे, "बाई, तोंड भितीकडे करा." मी भिंतीकडे बघत ओळखायला लागे. कोणाचं नाव आहे? भाजीचं? माहेरच्या गाईचं? आमच्याकडे भुलाबाईची गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. घरची बाई डबा हलवून आवाज ऐकवते, आणि पोरी ओळखत नाहीत किंवा हरत नाहीत तोवर झाकण निघत नाही. शशीही तशीच हसत म्हणे, "अजून ओळखा."

म्हाताऱ्या झालो तरी कोजागिरीला आम्ही दोघी भुलाबाईची गाणी म्हणत होतो. शशी ती फोनवर रेकॉर्ड करून नातींसाठी आपल्या मेलच्या खात्यात ठेवून देई आणि फोनमधून काढून टाकी. ती गेल्यावर मुक्तानं आपल्या फोनवरून ते खातं उघडायचा फार प्रयत्न केला. "मोठीआई, आईनं कुठं लिहून नसन ठेवलं?" मी म्हटलं, "तुही माय? अन् लिहून ठेवन?" मुक्ता रडता रडता हसली. शशीचा आवाज आता संपलाच, असं मी मनाशी धरून चालले.

मागच्या आठवड्यात, शशी गेल्यापासून पहिल्यांदाच, कॉम्प्युटरवर वीजबिल भरायला बसले. सवयीनं मेलचं पान उघडलं, तर वरच्या चौकटीत माझ्याऐवजी शशीचं नाव आपोआप आलं आणि खाली काळ्या ठिपक्यांची ओळ. मी बघतच राहिले. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी ती एकटीच कॉम्प्युटरपुढे बसली होती. मी स्वयंपाकघरातून ओरडत होते, "पड ना वं जराशी, काय करून राह्यली तिथं?" काही नाही, म्हणाली... आयुष्यभर नाही म्हणणाऱ्या बाईनं एकदाच हो म्हटलं, आणि ते माझ्यासाठी. मी हमसून रडले. इतके दिवस धड रडूही आलं नव्हतं.

गाणी सगळी होती. एकात माझा सूर घसरतो आणि शशीचा आवाज येतो, "बाई, कडवं चुकलं." मुक्ताला ती पाठवून दिली. ती म्हणाली, "आता तो पासवर्ड पुसून टाक, मोठीआई. आपल्या कॉम्प्युटरले कुलूप नाही. कोणीबी बसन अन् आईच्या नावानं कायबी करन." आईचीच लेक, आणि बोलणंही खरंच. ठिपक्यांशेजारी डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की अक्षरं दिसतात. ते मी दाबलेलं नाही. पण पुसायलाही हात होत नाही. पुसलं की डबाच गेला.

म्हणून कॉम्प्युटरलाच कुलूप घातलं. त्याचा आकडा ब्राउझर लक्षात ठेवत नाही, मलाच ठेवावा लागतो. विसरले तर शशीही आत अडकेल या धास्तीनं भाजी निवडतानासुद्धा मी तो घोकत असते. रोज दिवेलागणीला बसते, एक गाणं ऐकते, ठिपक्यांकडे बघून एक नाव मोठ्यानं सांगते. चूक की बरोबर, सांगणारं कोणी नाही. आणि त्याआधी, आकडा टाकताना, रोज तोंडातून निघून जातं, "शशी, तोंड भितीकडे कर." म्हणून झाल्यावर लक्षात येतं, बघायला मागे कोणी नाही.