गेटवरचा डबा
आज लालबागला गादीवाल्याच्या दुकानावरून जाताना पिंजलेल्या कापसाचा वास आला आणि परळच्या आमच्या कॉलेजातला तो वर्ग आठवला. गिरण्यांचा संप विझला होता, खिडकीतून दिसणारी गिरणीची चिमणी थंड पडली होती. एरवी दरवर्षी आम्ही प्राध्यापक अर्थशास्त्राच्या मुलांना पाळी सुटताना गिरणीच्या गेटवर न्यायचो. अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय करायचा ठरला तेव्हा ती गेटवरची फेरी काढून विलायतेतल्या बंद गिरण्यांचा धडा घातला. "दोन्ही शेजारीशेजारी शिकवू या की," विभागाच्या बैठकीत आमच्यातल्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या. "बाई, आंतरराष्ट्रीय म्हणजे लालबाग नव्हे!" विभागप्रमुख म्हणाले, आणि बैठक हसली. धडा माझ्या वाट्याला आला. तिकडच्या कामगारांना भत्ता मिळाला, नवी कामं शिकवली, असं मी सांगत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, तिथलेपण रोज गेटवर जाऊन बसायचे का? माझे बाबा अजून डबा घेऊन जातात." मी उगीच पुस्तकाची पानं उलटत राहिलो. वास मागे पडला तसा मी त्या गिरणीच्या गेटच्या जागी पोचलो. तिथे आता काचेचा टॉवर आहे, जगातल्या कुठल्याही शहरात खपेल असा. डबा घेऊन टेकायला पायरीसुद्धा ठेवलेली नाही.