शुभेच्छुकांत आबा

तलवाड्याच्या रामकिसन आबांना शुगर आहे. डॉक्टर तिला मधुमेह म्हणतात, पण आमच्याकडं मधुमेह हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यापुरता. माणसाला होते ती शुगर. आबांच्या घरी ती चौदा वर्षांपासून मुक्कामाला आहे. इतका मुक्काम जावईसुद्धा करत नाही. तिच्या वेळा सांभाळाव्या लागतात, तिला काय चालतं नि काय नाही ते बघावं लागतं, आणि रोज सकाळी तिची विचारपूस करावी लागते. विचारपुशीचं काम आबांच्या पत्नी सुंदरबाईंकडं.

सकाळी सहाला त्या बोट टोचायचं मशीन घेऊन ओसरीवर बसतात. दहा बोटांपैकी कोणतं द्यायचं, यावर आबा घासाघीस करतात.

"ह्ये न्हाई, ह्ये काल झालं."

"काल डाव्या हाताचं झालं. आणा इकडं."

"आगं, त्याच्याच शेजारचं होतं. त्येला अजून धसका हाय."

मग टोचणी, थेंब, पट्टी, आणि पाच सेकंद सगळं घर गप्प. आत चुलीपुढून सून वनमाला विचारते, "मामी, किती?" दीडशेच्या आत असेल तर आबांना दोन भाकरी. दीडशेच्या पुढं गेला आकडा तर दीड. अडीचशेच्या पुढं गेला तर एक भाकरी आणि तिच्यासोबत एक व्याख्यान. रस्त्यानं जाणारा माणूसही "आबा, आज किती?" असं कापसाचा भाव विचारावा तसं विचारून जातो. फरक एवढाच की हा भाव वाढला तर कुणालाच आनंद होत नाही.

आनंदाचं मात्र या घरात वेगळंच प्रकरण झालं होतं.

चार वर्षांपूर्वी आबांचा मुलगा अंगद सोसायटीच्या निवडणुकीत संचालक म्हणून निवडून आला. गुलाल उधळला, हलगी वाजली, पेढ्यांचे बॉक्स फुटले. आता निवडून आलेल्याच्या बापाचं तोंड गोड केल्याशिवाय कार्यकर्त्याला विजय पटत नाही. जो तो आला, पाया पडला आणि आबांच्या तोंडात पेढा कोंबून गेला. आबांनीही कुणाचा अपमान केला नाही. त्यांचे दोस्त तानाजी शेजारीच बसलेले होते. त्यांच्या मोजणीप्रमाणं दिवस मावळेपर्यंत एकोणीस झाले. विसावा कोंबायला माणूस पुढं झाला तेव्हा आबा खुर्चीतून घसरत होते.

त्या रात्री मिरवणूक देवळाऐवजी गेवराईच्या दवाखान्यात गेली. शुगर चारशे शहाऐंशी. चार दिवस सलाईन. सुंदरबाई चार दिवस त्याच गुलाल लागलेल्या लुगड्यात लोखंडी स्टुलावर बसून होत्या. येणारा-जाणारा त्यांना आधी अभिनंदन म्हणायचा आणि मग तब्येत विचारायचा.

परत आल्यावर त्यांनी घरात कायदा केला. यापुढं चांगली बातमी आबांच्या कानावर जायची नाही. कारण आमच्याकडं चांगली बातमी एकटी येत नाही, तिच्या हातात पेढा असतोच. वाईट बातमी मोकळ्या हातानं येते, ती खुशाल सांगावी.

कायदा कडक पाळला गेला. बोअर आटला, आबांना लगेच कळलं. म्हैस दगावली, लगेच कळलं. अंगदच्या गुडघ्याची वाटी सरकली, हे तर त्याला स्वतःला नीट कळायच्या आत आबांना कळलं. पण गाईला कालवड झाली तेव्हा वनमाला म्हणाली, "शेजाऱ्याची हाय मामा, चरायला आलीय." विहिरीवर नवी मोटार बसली तेव्हा अंगद म्हणाला, "पाव्हण्याची हाय, ठेवाया दिलीय." कालवड दोन वर्षं चरत राहिली. आबांनी एकदा विचारलंही, "ह्या शेजाऱ्याला घरदार हाय का न्हाई?"

हळूहळू आबांनी आपल्या बुद्धीप्रमाणं हिशेब लावला. चार वर्षांत या घरात एकही चांगली गोष्ट घडली नाही. घडणार कशी? एका दुपारी ते सुंदरबाईंना म्हणाले, "मी अशा दुखण्यानं बसलो अन् घराची बरकत गेली बघ. माझाच पायगुण."

सुंदरबाईंचा वरणातला पळा थांबला. ओठापर्यंत बरंच काही आलं असणार. पण त्या म्हणाल्या, "दुपारची गोळी घेतली का?"

गोळी घेतली होती. आबा कूस बदलून झोपले. त्या दिवसापासून ते घरात जरा पाहुण्यासारखे वागू लागले. भाकरी दुसऱ्यांदा मागायचे नाहीत. कुणी हसताना दिसलं तर आपण मध्ये नको म्हणून बाहेर जाऊन बसायचे. आणि त्यांना बघून घरातले खरंच हसायचे थांबायचे, कारण हसण्याचं कारण विचारलं तर काय सांगायचं?

अशात या उन्हाळ्यात राजनंदिनीचा निकाल लागला. राजनंदिनी ही अंगदची मुलगी, आबांची नात. तीन वर्षं तलाठी परीक्षेचा अभ्यास करायला रोज साडेसहाच्या एसटीनं गेवराईला जायची. आबांचं सकाळचं फिरणं म्हणजे तिला स्टँडवर सोडणं. वाटेत ती सातबाऱ्यावरचे प्रश्न विचारायची आणि आबा बांधावरच्या भांडणांची उदाहरणं देऊन तिला हैराण करायचे. ती पास झाली. जिल्ह्याच्या यादीत तेविसावी.

"पयलं मी आबांना सांगणार," ती म्हणाली.

"सांगू की," सुंदरबाई म्हणाल्या. "दीडशेच्या आत आली की सांगू."

दुसऱ्या दिवशी दोनशे चार आली. तिसऱ्या दिवशी दोनशे अकरा. तलाठी झालेली पोरगी डोळे पुसत भांडी घासायला बसली.

इकडं अंगदनं मागच्या दारानं गावभर पेढे वाटले. प्रत्येक घरी पेढा आणि सोबत सूचना, "आबांपाशी बोलू नका." तलवाड्यात गुपित तीन तास टिकत नाही. हे तीन दिवस टिकलं, कारण चारशे शहाऐंशी हा आकडा गावाला तोंडपाठ होता.

पण पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. मग आबांचं फिरणं वळवणं भाग पडलं. सुंदरबाईंनी सांगितलं, "स्टँडाकडं जाऊ नका, कुत्री पिसाळलीत. कॅनॉलकडं जा." आबा दोन दिवस कॅनॉलकडं गेले. कॅनॉलला पाणी नव्हतं आणि बोलायला माणूस नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काठी घेतली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांना सामोरं जायचं ठरवून सरळ स्टँड गाठला.

कुत्रं एकच होतं आणि ते झोपलं होतं. त्याच्या वर, दोन बांबूंच्या मधे, बैलगाडीच्या चाकाएवढा राजनंदिनीचा चेहरा. वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. मधे मोठ्या अक्षरांत, 'तलाठीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आणि खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा. खालच्या रांगेत डावीकडून तिसरा चेहरा आबांना ओळखीचा वाटला. फेटा बांधलेला, जरा रागीट. बघता बघता लक्षात आलं, तो चेहरा त्यांचाच होता.

म्हणजे जी बातमी माहीत नाही त्या बातमीला ते तीन दिवसांपासून सगळ्या गावासमोर शुभेच्छा देत उभे होते.

चहाच्या गाड्यावरून तानाजी ओरडले, "काय बे रामकिसन, सोताचाच फोटू बघाया आला व्हय?"

"मग? मीच लावाया सांगितला," आबा म्हणाले. "नीट लावलाय का न्हाई ते बघाया आलतो."

"लई गुणाची पोरगी निघाली. तुला कवा कळलं?"

"सगळ्यात आदी मलाच सांगितलं तिनं," आबा म्हणाले. तानाजी गाड्यावरच्या बरणीत हात घालण्यात गुंतले होते. त्यांनी एक पेढा काढून आबांच्या तळहातावर ठेवला. "घे, तुमच्याच घरचा हाय. तुला कुठं गावणार घरी!"

आबांनी मूठ मिटली आणि घराकडं वळले.

दारात त्यांना आधी बघितलं वनमालानं. तिनं चेहरा बघितला नाही, मूठ बघितली. "मामी!" ती ओरडली, घरात साप निघावा तशी. सुंदरबाई धावत आल्या. मागून अंगद लंगडत आला.

"आ करा," सुंदरबाई म्हणाल्या.

"आगं..."

"आधी आ करा!"

पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं ओसरीवर उभं राहून आ केला. सुंदरबाईंनी वास घेतला, दाढेपर्यंत बघितलं. वनमालानं मूठ उघडून वितळलेला पेढा खरवडून घेतला. अंगदनं मशीन आणलं. या वेळी आबांनी घासाघीस केली नाही, पहिलंच बोट पुढं केलं. एकशे ब्याऐंशी.

"न्हाई खाल्ला," सुंदरबाई म्हणाल्या आणि खांबाला टेकल्या.

"न्हाईच खाल्ला," आबा म्हणाले. "खायाला लाज वाटली. कावून लपवलं गं? दुश्मन हाय का मी ह्या घरचा? चार वर्षं मला वाटतंय माझ्यामुळं घराचं वाटोळं झालं. गावाला माहीत, कुत्र्याला माहीत, फ्लेक्सवरच्या मला माहीत. मलाच तेवढं न्हाई."

मग सुंदरबाई बोलल्या, आणि ओरडून नाही, अगदी हळू.

"मी दमले हो. घरात काई चांगलं झालं की लोकाला हसू येतं. मला न्हाई येत. आधी तुमचं तोंड दिसतं, मग ते स्टूल दिसतं. वाईट ऐकून तुमी गप पडून राहता, गोळी घेता. चांगलं ऐकलं की तुमचा भरवसा न्हाई. मग मी काय करावं?"

एकोणीस पेढे आबांनीच खाल्ले होते. त्यांनी टोचलेलं बोट चोळलं. मग म्हणाले, "राजू कुठंय?"

राजनंदिनी दाराआडच उभी होती.

"ये. सांग मला."

"तुमाला कळलंय की आबा."

"ते फ्लेक्सनं सांगितलं. तू कुठं सांगितलंस?"

ती पुढं आली, ओढणी सारखी केली, आणि परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली, "आबा, मी तलाठी झाले. जिल्ह्यात तेविसावी आले."

आबांनी ऐकलं. पुन्हा सांगायला लावलं. पेपर कसा गेला, यादी कुणी बघितली, आधी कोण रडलं, सगळं विचारलं. सातबाऱ्यावर प्रश्न आला होता का? आला होता. बांधाचा? तोही आला होता. आबा हसले. चार वर्षांत ओसरीवर कुणी मोठ्यानं हसलं आणि दुसऱ्या कुणी ते दाबलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. वनमाला पदरानं हात पुसत तिथंच थांबली.

हसणं सरल्यावर आबांनी दुसरं बोट सुंदरबाईंपुढं धरलं.

"माप."

"आत्ता तर मापली. पट्ट्या काय झाडाला लागतात?"

"माप म्हणतो ना. नुसतं ऐकून किती वाढती ते तरी बघू."

सुंदरबाईंनी टोचलं. पाच सेकंद सगळे मशीनकडं बघत राहिले.

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"म्हंजे?"

"सहानं वाढली."

"सहानं परवडतंय," आबा म्हणाले. "आता बाकीचं काय राहिलंय ते सांग."

सुंदरबाईंनी मशीन डबीत घातलं, डबी कोनाड्यात ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन सावकाश खाली बसल्या. मराठवाड्याला अनुशेष काही नवा नाही, पण चार वर्षांचा आनंदाचा अनुशेष एका बाईनं भरून काढायचा म्हणजे ते काही उभ्यानं होण्यासारखं काम नव्हतं.