नाव सासरच्या रेशनकार्डात

मंडळी, आज पिशोरला सरकारी गॅस योजनेचे अर्ज भरून देत होते. तिथं रुखसाना आली. नवऱ्यानं हाकलल्यापासून ती माहेरी राहते. घरात ती आणि दम्यानं बेजार झालेले अब्बा, दोघंच. चुलीचा धूर त्यांना सोसत नाही.

अर्ज बाईच्याच नावानं लागतो, म्हणून तिचा भरला. पण तिचं नाव अजून सासरच्या रेशनकार्डात आहे आणि त्या घरात गॅस आहे. ऑनलाइन भरताच अर्ज नामंजूर झाला.

"ताई, त्या घरात मला पाऊल ठेवू देत नाय. तो गॅस माझा कसा?"

"आधी तिथून नाव कमी करून आण," मी म्हणाले.

"तीनदा गेले. ते सहीच देत नाय."

मी "बघते काहीतरी" म्हणाले. ती सरपण आणायला निघून गेली.

काय बघू? कुणाला रस्ता माहीत असेल तर सांगाल?