पडद्याकडे पाठ

आमच्या हेमलता टॉकीजमध्ये एक बाई अशी आहे, जिने आयुष्यात एकही पिक्चर धड बघितलेला नाही. आणि कोणता पिक्चर चालणार, कोणता पडणार, हे तीच सांगते. शालनबाई त्यांचं नाव. हुद्दा बॅटरीवाली. अंधारात उशिरा आलेल्या लोकांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत न्यायचं, हे काम. लोक बसले की बाकीचे बॅटरीवाले भिंतीला टेकून पिक्चर बघतात. शालनबाई तशा नाहीत. त्या थेट पडद्याखाली जाऊन उभ्या राहतात, पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड. इंटरव्हलला बाहेर येतात आणि एक शब्द टाकतात, 'चालला' किंवा 'पडला'. मग चहा घेतात.

मी बद्रीनाथ, या थेटराचा मालक. घर शनिवार पेठेत, थेटर बिबवेवाडीत, आणि जीव कायम स्वारगेटच्या सिग्नलला अडकलेला. वडिलांनी आईच्या नावानं हे थेटर बांधलं आणि माझ्या गळ्यात घालून ते मोकळे झाले. मी तोंडाचा फटकळ आहे, असं लोक म्हणतात. एकपडदा थेटर चालवून दाखवा आणि मग गोड बोला, असं माझं त्यांना सांगणं आहे.

शालनबाईंचा नवरा, कचरू, आमच्याकडे बॅटरी घेऊन दारावर होता. गुणी माणूस, फार लवकर गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं मदत मागायला आल्यात, म्हणून मी चेहरा जरा मऊ केला.

"यांची बॅटरी कुठंय?" बाई म्हणाल्या. "उद्यापासून मी येते."

"अहो, अंधारात टारगट पोरं असतात. शिट्ट्या मारतात. जमेल का तुम्हाला?"

"त्यांना जमेल का, ते विचारा."

पहिल्याच आठवड्यात एका शिट्टीबहाद्दराच्या तोंडावर त्यांनी बॅटरी धरली आणि अख्ख्या थेटराला सांगितलं, "बघून घ्या, हा जाधवांचा थोरला. याची आई माझ्या ओळखीची आहे." त्यानंतर हेमलतात शिट्टी वाजली ती फक्त पडद्यावर. सुट्टी म्हणाल तर बाई चौदा एप्रिलला घेणार म्हणजे घेणारच. त्या दिवशी मोठ्यात मोठा पिक्चर लागू दे, बाई निळ्या साडीत मिरवणुकीत असतात. बाकी वर्षभर हजर, आणि आवाज असा की तिकीटखिडकीवर नुसतं 'जय भीम, मालक' म्हणाल्या तरी वर सुदर्शनला, म्हणजे आमच्या ऑपरेटरला, कळतं की बाई आल्या.

गुप्तहेरांच्या पिक्चरवर त्यांचा विशेष राग. "हेर म्हणजे कोण? घरात एक सांगतो, बाहेर दुसरंच करतो. असला एकेक माणूस आमच्या गल्लीत दर घरात आहे. त्याला बघायला तिकीट कशाला काढतील बायका?" आणि उन्हाळ्यात तर दरवर्षी असला एक पिक्चर येतोच. हिरो सगळ्या जगभर पळतो, प्रत्येक शहराचं नाव पडद्यावर टकटक करत उमटतं, आणि शेवटी कळतं की गद्दार आपल्याच ऑफिसात होता. ऑफिसात नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

यंदाच्या मे महिन्यात मात्र हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. एक बिल्डर माझ्या मागे लागला होता, थेटर पाडून तिथे टॉवर उभा करायला. मी सगळ्यांना बोलावून सरळ सांगून टाकलं, की हा मे चालला तर थेटर ठेवतो, नाही चालला तर देऊन टाकतो. आमच्या पेठेत अपमानसुद्धा तोंडावर करतात, तिथे ही बातमी कशाला लपवू? शालनबाई म्हणाल्या, "चालेल. पण आधी एसी दुरुस्त करा. मेमध्ये लोकांना हिरोच्या आधी घाम दिसतो."

कुरकुरत का होईना, मी एसी दुरुस्त केला. मग वितरकाचा माणूस आला, साईनाथ. गॉगल डोक्यावर, दोन फोन हातात.

"सर, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा पिक्चर. स्पाय थ्रिलर. ॲडव्हान्स बुकिंगला नुसती आग लागलीय. फक्त एकच कंडिशन, चारही खेळ आमचे, तीन आठवडे."

"आणि पडला तर?" शालनबाईंनी विचारलं.

"ताई, पडणारच नाही."

"पडणार नाही म्हणणारे सगळे पडलेले बघितलेत मी."

पण दुसरं होतं काय? त्या महिन्यात संध्याकाळी क्रिकेटच्या मॅचेस, लोकांच्या मोबाईलमध्ये घरबसल्या पिक्चर, आणि छोटा पिक्चर लावावा तर हाताला काही लागत नाही. मी सही केली.

शुक्रवारी दुपारी पहिला खेळ लागला. हिरोच्या पोस्टरला हार घालून झाला, पोरांनी ढोल बडवला, थेटर भरलं. पहिल्या दिवशी भरतंच, त्यात विशेष नाही. मी चहाच्या टपरीवर जीव मुठीत धरून उभा. इंटरव्हल झाला, शालनबाई बाहेर आल्या. चेहरा दगडासारखा.

"पडला."

"अहो, नीट बघितलंत का?"

"मधल्या चार रांगा घोरतायत, मालक. तिथं बंदुका सुटतायत आणि इथं माणसं झोपतायत. आता आणखी काय बघायचं?"

संध्याकाळपर्यंत मोबाईलवरचे सगळे पंडितही तेच म्हणायला लागले, की पिक्चर लांबला आहे, डोक्यावरून जातो, सोमवारी बसणार. मी बिल्डरला फोन करून पुढच्या शनिवारी कागद घेऊन यायला सांगितलं आणि शालनबाईंनाही ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही, मालक. थेटर वाचवायलासुद्धा नाही." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

सोमवारी मी मोकळ्या खुर्च्या बघायच्या तयारीनं आलो. दुपारच्या खेळाला ही रांग! म्हाताऱ्या, बायका, कडेवर पोरं, गणवेशातले दोन रिक्षावाले. सगळे खालच्या वर्गाचं तिकीट मागतायत. मंगळवारी त्याहून जास्त. गावभर पिक्चर झोपलेला आणि आमच्याकडे उभा! साईनाथचा फोन आला, "सर, तुमचा आकडा कसा काय? काय स्कीम लावली?" मला तरी कुठे माहीत होतं.

शालनबाईंचा पारा चढलेला. "मी चुकले? मी?" असं स्वतःशीच म्हणत त्या रांगेत घुसल्या. पुढेच त्यांच्या शेजारच्या मुक्ताई उभ्या होत्या, बरोबर नात सृष्टी.

"मावशी, तुम्ही? आणि बंदुकांच्या पिक्चरला?"

"पिक्चर कसला गं!" मुक्ताई म्हणाल्या. "गुरुवारपासून लाइटचा डीपी जळलाय आपल्याकडचा. दुपारभर पंखा नाही. पोरीच्या अंगावर घामोळं उठलंय. इथं कसं गार आहे, दोन-अडीच तास डोळा लागतो."

खरी गोम ही होती. शालनबाई कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या. "अहो, लाइट नाही हे मला माहीत नव्हतं होय? मीही तिथंच राहते. पण झोपायला कोणी तिकीट काढेल, हे डोक्यात कसं यायचं? मला वाटलं कंटाळलेत. ते तर दमलेले होते."

मग बाईंनी पदर खोचला. वर जाऊन सुदर्शनला आवाज कमी करायला लावला. गोळीबार आला की आणखी कमी. बाल्कनीच्या तिसऱ्या रांगेतला एक आयटीवाला चिडून बाहेर आला. "एक्सक्यूज मी, व्हॉल्यूम वाढवा ना. काही ऐकूच येत नाहीये."

"खाली बारकी पोरं झोपलीत," शालनबाई म्हणाल्या. "कुठल्या शहरात पळतोय ते पडद्यावर लिहून येतंय. वाचा की."

मी मात्र खूश नव्हतो. ही धर्मशाळा झाली, धंदा नव्हे. डीपी दुरुस्त झाला की आपलं थेटर पुन्हा रिकामं. तसं मी बोलूनही दाखवलं. शालनबाई बॅटरी उचलून पुन्हा आत गेल्या.

गुरुवारी लाइट आले. शुक्रवारी दुपारी मी दारात उभा राहिलो, शनिवारच्या सह्यांचा विचार करत. आणि बघतो तर मुक्ताई येतायत. मागे सृष्टी, मागे अख्खी गल्ली. सगळ्या भांडतच आलेल्या.

"शालन, तू खरं सांग," मुक्ताईंनी लांबूनच हाक दिली. "गद्दार कोण? ही सृष्टी म्हणते मोठा साहेब. समोरची म्हणते ती डॉक्टरीण. मी जागी झाले तेव्हा साहेब मेलेला होता. मेलेला माणूस गद्दारी कशी करेल?"

"तो मेल्याचं नाटक करतो, आजी!" सृष्टी ओरडली.

"डॉक्टरीण विष घालते, ते मी डोळ्यांनी बघितलंय," मागून एकजण म्हणाली. "तुम्ही तेव्हा घोरत होतात."

मला हसू आवरेना. प्रत्येकजण पिक्चरच्या वेगळ्या जागी झोपलेला आणि वेगळ्या जागी उठलेला! नळावर आठवडाभर हाच वाद पेटला होता, आणि आता घरी पंखा फिरत असताना त्या तिकीट काढून निवाडा करायला आल्या होत्या.

"सांग ना गं," मुक्ताई म्हणाल्या. "तू तर रोज चारही खेळांना आत असतेस."

शालनबाईंनी खिडकीशी जाऊन स्वतःचे पैसे देऊन तिकीट काढलं. मी नको म्हणालो तर माझ्यावरच डोळे वटारले. बॅटरी माझ्या हातात दिली. कचरूची बॅटरी ती.

"आज तुम्ही उभे राहा, मालक. मला बघू दे तो मेला कोण आहे ते."

मी उभा राहिलो. पडद्याखाली, पाठ करून, लोकांकडे तोंड. मालक असून हे मी कधी केलं नव्हतं. पडद्याच्या उजेडात चेहरे निळे-पिवळे होत होते. कोणी झोपलं नव्हतं. मुक्ताई नातीला कोपरानं ढोसून बोट दाखवत होत्या. तो आयटीवालाही परत आला होता, बरोबर दोन मित्र घेऊन. आणि त्या सगळ्यांत एकच चेहरा झोपलेला होता. शालनबाईंचा. हिरो दुसऱ्या शहरात पोचायच्या आतच त्यांचं डोकं मुक्ताईंच्या खांद्यावर गेलं होतं. या बाईंना मी थेटरात कधी खुर्चीवर बसलेलंसुद्धा बघितलं नव्हतं. बॅटरीचा झोत चुकून त्यांच्यावर गेला, तशी मुक्ताईंनी हातानं खूण केली, विझवा ती. मी विझवली. माझे डोळे भरून आले होते, अंधारात ते कोणाला दिसलं नाही, एवढं बरं झालं.

इंटरव्हलला मी बाहेर आलो आणि बिल्डरला फोन लावला. "उद्या येऊ नका," म्हटलं. "परवाही नको. थेटर विकायचं नाही." तो काहीतरी आकडा बोलत होता, मी फोन ठेवला.

खेळ सुटला तशा शालनबाई तावातावानं बाहेर आल्या, पदर सावरत. "उठवलं का नाही मला कोणी? मालक, आता तुम्हीच सांगा, गद्दार कोण?"

"मला काय माहीत? माझी पडद्याकडे पाठ होती."

मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि काय दिसलं?"

"चालला," मी म्हणालो, आणि दोन चहा सांगितले.