पोस्टमास्टरच्या नावाची ओळ

इनास सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरच्या आमच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. फोनवर त्यांच्या पत्नी, सिसिल काकी. "गेले गं बाय, सकाळीच गेले," एवढंच म्हणाल्या... मी डबा तसाच बंद केला. खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी मनात आलं ते माझं स्वतःचं बोलणं. पंधरा दिवसांपूर्वी मीच त्यांना तोंडावर विचारलं होतं, "उद्या तुम्ही नसलात तर?" त्यानंतर आमचं धड बोलणंच झालं नव्हतं.

सर आमच्या शिक्षण संस्थेचा ईमेलचा सर्व्हर सांभाळत. संस्थेच्या सगळ्या शाळांची पत्रं त्या एका यंत्रातून जात-येत. गिरीजला सरांची केळीची वाडी होती. सकाळी झाडांना पाणी सोडून साडेनवाच्या ठोक्याला ते ऑफिसात हजर. घरी आपल्या बोलीत बोलणारा हा माणूस माझ्याशी मात्र शाळेच्या फळ्यावरची मराठी बोलायचा. मी मूळची चिपळूणकडची, राहायला एव्हरशाईन सिटीत आणि तोंडाची फटकळ. "तुझ्यापेक्षा सर्व्हर बरा," ते म्हणत, "रुसला तर निदान कारण लिहून ठेवतो."

मी नवीन असताना आम्ही सगळ्यांचे ईमेलचे पत्ते डेटाबेसमध्ये हलवले. प्रत्येक पत्त्याची एक ओळ, तिच्यापुढे पत्र कुणाला द्यायचं त्याचं नाव. यादी करायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ती सरळ हजेरीच्या मस्टरवरून उतरवली. मुख्याध्यापकांपासून शिपायांपर्यंत एकही नाव सुटलं नाही, याचा मला कोण अभिमान! पण काही पत्ते माणसांचे नसतात. सर्व्हर स्वतःची तक्रार 'रूट' या नावाला कळवतो. आणि पत्र अडलं तर बाहेरच्याला विचारता यावं म्हणून 'पोस्टमास्टर' हा पत्ता प्रत्येक सर्व्हरवर असावाच लागतो. मस्टरवर यांच्या सह्या कुठून असणार? मग डिस्क भरत आल्याची पत्रं यंत्र रोज रूटला लिहीत राहिलं, ती पोचत नसल्याची तक्रार पोस्टमास्टरला करत राहिलं, आणि दोघांचाही पत्ता नव्हता. ऐन प्रवेशाच्या दिवसांत डिस्क पूर्ण भरली आणि सगळी पत्रं बंद पडली. सचिवांसमोर मी उभी होते, तेवढ्यात सर म्हणाले, "चूक माझी. यादी मी तपासली नाही." बाहेर आल्यावर मला रागावले नाहीत. फक्त त्या बिनमाणसांच्या सगळ्या पत्त्यांपुढे त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

ते तसंच राहिलं, वर्षानुवर्षं. सरांची तब्येत ढासळू लागली तेव्हा मी मागे लागले की माझंही नाव घाला. ते हसण्यावारी नेत. शेवटी एक दिवस माझा तोल सुटला आणि ते वाक्य तोंडातून गेलं. सर फक्त "बघू" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. मला वाटलं, दुखावले. त्याहून खोल सलत होतं ते वेगळंच : मस्टरवाल्या त्या मुलीवर त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता का...

गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं, असा संस्थेचा नियम. सचिव भले, म्हणाले, महिन्याची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, होऊ द्या, मग करा. त्याआधी ते पत्ते कुठे वळवायचे ते बघायला मी डेटाबेस उघडला. पोस्टमास्टरच्या ओळीत सरांच्या नावाशेजारी माझं नाव होतं. रूटच्याही. पण मग मला एकही पत्र कसं आलं नाही? कारण मीच! यंत्राच्या पत्रांचा वैताग येतो म्हणून अशा बिनमाणसांच्या पत्त्यांची सगळी पत्रं एका बाजूच्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम मी कधीकाळी लावला होता आणि त्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नव्हते. तो उघडला. पोस्टमास्टरच्या पत्त्यावर आलेलं सगळ्यात पहिलं पत्र सरांचं. ओळीत नवं नाव घातलं की ते त्या पत्त्यावर एक पत्र टाकून बघत. भांडणाच्याच दिवशी, मी घरी निघाल्यानंतर पाठवलेलं : "पोचलं का? कळव."

मी काहीच कळवलं नव्हतं. सर वाट बघत गेले असतील, या विचाराने पुढचे चार दिवस जेवण गेलं नाही. गिरीजच्या चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली, मग घरी काकींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा हात धरला. "मी विचारलेलं त्यांना, त्या पोरीचं उत्तर आलं का म्हणून. तर म्हणाले, पत्र परत आलं नाही ना, म्हणजे पोचलं. ती वाचेल तिच्या वेळेने." मी तिथेच, पाहुण्यांच्या गर्दीत, रडता रडता हसले. छातीवरचा दगड उतरला होता.

सोमवारी ऑफिसात आल्यावर त्यांच्या त्या पत्राला उत्तर लिहिलं : "पोचलं, सर. उशीर झाला. आता रोज वाचते." पाठवलं आणि थोडा वेळ थांबले. परत आलं नाही.

मग त्यांचं खातं बंद केलं.