शुक्रवारी मोजलेली सहा मिनिटं

बिराम न्जाय आमच्या गल्लीत राहायला आला तो निव्वळ मनगटावरच्या घड्याळावर भरवसा ठेवून.

बिराम शाळेत घंटा देतो. आधी राहायचा शहराबाहेर, पिकीनला. तिथून डाकारात बसने यायचं म्हणजे कधी पोचाल देव जाणे. दोनदा घंटा उशिरा झाली. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "तिसऱ्यांदा झालं तर मी दुसरा माणूस बघेन." मग बिचारा बायको-पोरं आणि आई पिकीनलाच ठेवून शाळेत पायी जाता येईल असं घर शोधायला लागला. शाळेजवळच्या आमच्या मेदिना वस्तीत अकरा घरं पाहिली. बारावी खोली माझ्या भावाची. खिडकी एकच, तीही कोंबड्यांच्या खुराड्यावर उघडणारी. पण हा पठ्ठ्या ना नळ बघतोय, ना भिंती. शाळेच्या फाटकापासून घड्याळ बघत चालत आला आणि म्हणाला, "सहा मिनिटं! घेतली."

आणि मोजली कधी? शुक्रवारी दुपारी दोनला! बाप्ये सगळे मशिदीत, आम्ही बायका आत मासे-भाताची परात भरतोय, गल्लीत बकरीखेरीज कुत्रं नाही. नमाज बुडवून वाट मोजत होता मेला, भोवणारच!

शिवाय शेजाऱ्यांची आडनावं विचारली नाहीत. आमची अख्खी गल्ली जोप. जोप आणि न्जाय समोरासमोर आले की एकमेकांना खादाड म्हणायचं, ही बापजाद्यांपासूनची रीत. राग धरायचा नाही. गप्प बसला तो हरला.

सोमवारी साडेसातला निघाला. गल्लीच्या तोंडाशी माझी पाव-चवळीची टपरी.

"काय रे बिराम, झोप लागली?"

"लागली, किनेअक्का."

"बायको? पोरं? आईचा गुडघा?"

"सगळं सुखरूप. तुमच्याकडे?"

"सुखरूप. पण तुझ्याकडून पहाटेच भाताचा वास येत होता. न्जायांना झोपेतही भात लागतो वाटतं!"

"काय करणार? रात्री एक जोप पाहुणा आला होता, परातसुद्धा चाटून गेला!"

मी हसून बेजार. पुढे शिंपी, मग न्हावी, मग न्हाव्याच्या दोन्ही बायका. सगळ्यांना आईचा गुडघा हवा, सगळ्यांना भात काढायचा. शाळेत पोचला तेव्हा आठला एक मिनिट होतं. मंगळवारी सातला निघाला, तर लोक आणखी निवांत भेटले.

गुरुवारी संध्याकाळी बघते तर हा गाठोडं बांधतोय.

"अक्का, मी जातो. आज घंटेची दोरी आठच्या ठोक्याला हाती आली. इतकं मी जन्मात हसलो नव्हतो हो, पण नोकरी गेली तर पोरांना काय घालू?"

मला फार वाईट वाटलं. त्याचा सगळ्यात जास्त वेळ मीच खात होते ना! उठले, दारोदार गेले आणि बजावलं, "उद्या सकाळी कुणी तोंड उघडलं तर चवळी बंद!"

शुक्रवारी गाठोडं आवरण्यात उशीर होऊन बिराम पावणेआठला बाहेर पडला. मी पातेल्यात डोकं घातलं. शिंप्याने सुईत नजर घातली. न्हाव्याच्या बायकांनी एकमेकींची तोंडं दाबली. बिराम इकडे बघतोय, तिकडे बघतोय, आणि सरळ निघून गेला. म्हटलं, सुटला!

तर दहा-अकरा मिनिटांत हा धापा टाकत परत! फाटकापर्यंत जाऊन आला होता. टोपी हातात, डोळ्यांत पाणी.

"अक्का, कोण गेलं?"

"कुणी नाही रे!"

"मग बोलत का नाही कुणी? पिकीनहून निरोप आलाय ना? माझी आई..."

आठला तीन मिनिटं कमी. माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्या, तुझी आई ठणठणीत आहे! तुझी नोकरी वाचावी म्हणून तोंडं शिवून बसलोय आम्ही! पळ, भातखाऊ!"

"शपथ?"

"पळ रे अधाशा!" शिंपी ओरडला. "शाळेत भात शिजलाय, संपेल!" मग काय, दारादारातून जोप बाहेर पडले आणि शिव्या देत त्याच्या मागे धावले. त्याचा चेहरा असा काही उजळला! पळता पळता तो प्रत्येकाला उलट उत्तर देत होता, एकाला सोडलं नाही.

आठची घंटा आठलाच झाली. मी टपरीमागे रडत-हसत बसले आणि चवळी करपली.

संध्याकाळी त्याने गाठोडं सोडलं. आता त्याला बोलायचं ते चालता चालता बोलायचं, असं गल्लीने ठरवलंय. रोज सकाळी वीसेक जोप त्याला फाटकापर्यंत पोचवून येतात.