चाँदबीनं भरलेला चुडा

बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं. पण त्या दिवाळीला माझ्या मनगटावर चाँदबीच्या हातून एकामागं एक तीन बांगड्या फुटल्या, अन् मी तिला नको नको ते बोलले.

चाँदबी आमच्या शिरड शहापूरची मणियारीण, बांगड्या भरणारी. माझ्या सासूच्या वेळेपासून आमच्या घरातल्या बायकांचे हात तिच्याच घरचे भरायचे. पंजा नुसता दाबून माप सांगायची. वीस वर्षांत तिनं एक काच फोडली नव्हती. ही गोष्ट निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या तीन वर्षं आधीची.

मी म्हणले, "सणाचं काच फोडतीस, अन् वर डोळे वटारतीस माझ्यावर?"

"न्हाई बाई, डोळे असेच झालेत. झोपताना मिटत बी न्हाईत बराबर."

मला वाटलं, माजली ही. त्या वर्षी तिचं सगळंच इपरीत. माझ्या चुलीपुढं बसून चार भाकरी खायची, तरी गळ्याची हाडं वर आलेली. मी चिडवायची, "खाल्लेलं जातंय कुठं गं तुझं?" आधी अशा बोलण्याला ती हसायची, आता एकदम रडायला लागायची. पौषात आम्ही गोधड्या पांघरून बसायचो, अन् ही पदरानं वारा घेत ओसरीवर. चार पावलं चालली की धाप. तिच्या हातची बांगडी टिकत न्हाई म्हणून गावातल्या बायकांनी तिला बोलवणं सोडलं. मीही त्यांच्यातलीच.

पण माघात माझ्या रूपाचं लग्न ठरलं. नवरीचा चुडा घरच्याच मणियारणीनं भरायचा, दुसरीला नवरीच्या हाताला हात लावू द्यायचा न्हाई, ही आमच्या घरची रीत. मग करता काय? बोलावली तिला माप घ्यायला.

त्याच दिवशी हिंगोलीच्या जिनिंगचे मुनीम पुनमचंदजी आमच्या मालकांचा कापूस बघायला आले होते. त्यांना होमिओपॅथीचा नाद. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची पेटी सदा संगं, अन् गोळ्या फुकट. चाँदबीला बघून ते कापूस सोडून ओसरीवर आले.

"बहेन, हात पुढं करा."

तिच्या बोटांवर त्यांनी कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. खिशातलं घड्याळ काढून नाडी मोजली, मिनिटाला एकशेवीस. पाणी प्यायला लावलं, तर घोटासंगं गळ्यातली फुगोटी वर सरकली. मग विचारत गेले. झोप लागत न्हाई? व्हय. दिवसातून चारचारदा परसाकडं? व्हय. पाळी? तिनं मान खाली घातली.

"माझ्या बहिणीला हेच होतं," ते मला म्हणाले. "वहिनी, ही बाई माजलेली न्हाई, भूकही खोटी न्हाई. गळ्यातली गाठ जास्त काम करून राहिली, अन् आतून शरीर जाळून राहिली."

त्यांनी गोळ्यांच्या दोन पुड्या दिल्या अन् बजावून सांगितलं: या गोळ्यांनी जिवाला आधार वाटेल, जमलं तर झोप लागेल, पण गाठ यांच्यानं जाणार न्हाई. कामाला हात लावू नका, पडून राहा, अन् हैद्राबादच्या मोठ्या दवाखान्यात जा. तिथल्या औषधासंगं गोळ्या घ्या, त्याच्या बदल्यात न्हाई. उशीर केला तर काळीज थकेल.

तिचा नवरा अन्सार पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी तिला हैद्राबादच्या गाडीत बसवणार होता. रूपाचं लग्न त्याच्यानंतर सहा दिवसांनी.

पंधरा दिवस ती पडून राहिली. गोळ्यांनी म्हणा, आरामानं म्हणा, तिला थोडी झोप लागली. मी बघायला गेले तर हात जरा थांबल्यासारखे दिसले. अन् मी बोलले. मीच बोलले, दुसरं कोणी न्हाई.

"चाँदबी, गुण आला की गं तुला. आता हैद्राबाद काहून? दवाखान्यात गेलीस तर दोन महिने ठेवून घेतील. माझ्या पोरीचा चुडा तेवढा भर, मग जा."

ती म्हणाली, "जाते मग नंतर." तिला बरं वाटलं असावं. कितीक दिवसांनी तिला कोणी बांगड्या भरायला बोलावलं होतं.

तिनं रूपाचा चुडा भरला. दोन्ही हात. घामानं तिचा पदर ओला झाला, दर बांगडीला थांबत होती, पण एक काच फुटली न्हाई. बायका म्हणाल्या, शुभ झालं.

लग्नाच्या चौथ्या दिवशी तिला ताप चढला. छाती धडधडायला लागली, बरळायला लागली. अन्सारनं तिला बैलगाडीत घालून हिंगोलीचा रस्ता धरला. वाटेतच गेली. मला दुपारी कळलं. मी शेंगा फोडत होते, तशीच फोडत बसले. रडू आलं न्हाई. वाईट वाटलं का, तेही सांगता यायचं न्हाई. आत काही हललंच न्हाई.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर अन्सार आला. मी त्याला सगळं सांगून टाकलं, की मी थांबवलं तिला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तिनं सांगितलं व्हतं." मग विचारलं, "रूपाच्या हातात हाय ना चुडा? एक बी वाढली न्हाई ना?"

मी म्हणले, "न्हाई. सगळा हाय."

रूपाच्या सासरी माहेरचा चुडा पाचव्या दिवशी उतरवून त्यांच्या मणियाराकडून नवा भरतात. हे मला लग्न ठरलं तेव्हापासून माहीत होतं.